डब्यावरचा आकडा आणि हाती पडणारी वीज



मागच्या वेळी आपण गॅसच्या रबरी नळीविषयी बोललो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण घरातलाच आहे. आता आपल्या वस्त्यांतही पुष्कळ घरांत संगणक आला आहे. कुणी ऑफिसातून निघालेला जुना घेतो, कुणी दुकानातून सुटे भाग जोडून घेतो. दोन-तीन वर्षे तो बरा चालतो. मग मूल म्हणते, "याच्यात एक कार्ड टाकले की माझे काम होईल." आपण पैसे जमवतो, कार्ड आणतो, आणि ज्या डब्यातून या सगळ्याला वीज मिळते त्या डब्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. त्यापायी काय झाले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे हिशेब कशासाठी करायचे ते कळेल.

गोष्ट मे २०२४ मधली, नागपूरची. आमची थोरली मुलगी लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करते. एका फोटोवाल्याकडून तिला काम मिळते आणि ती ते घरी बसून करते. संगणक जुना, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह. एका लग्नाची फिल्म तयार करायला रात्र जायची. म्हणून तिने वर्षभर पैसे साठवून नऊ हजारांना वापरलेले ग्राफिक कार्ड घेतले. कार्ड चांगले होते, जीटीएक्स १६६० सुपर. बसवून देणाऱ्या दुकानदाराला आम्ही विचारले, "याला वीज पुरेल ना?" तो म्हणाला, "काका, तुमचा एसएमपीएस साडेचारशे वॅटचा आहे, बिनधास्त न्या." कार्डाला आठ पिनांचा प्लग लागत होता आणि आमच्या डब्याला तसा प्लगच नव्हता. त्याने दोन जुने चारपिनी प्लग एकत्र करणारी एक जोडवायर लावली आणि संगणक सुरू करून दाखवला. आमचे समाधान झाले.

पहिले काही दिवस काम झपाट्याने झाले. मग फिल्म तयार होत असताना संगणक दोनदा आपोआप बंद पडला. मुलीला वाटले, उन्हाळा आहे, तापला असेल. तिने कूलरचे तोंड संगणकाकडे केले. बाराव्या दिवशी रात्री अकरा वाजता 'फट्' असा आवाज आला, जळका वास आला आणि सगळे शांत झाले. डबा गेला तो गेलाच, जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला. त्या डिस्कवर एका मुलीच्या मंगल परिणयाचे सगळे शूटिंग होते. फोटोवाल्याने कॅमेऱ्याची कार्डे पुढच्या लग्नासाठी पुसून टाकली होती. डब्याच्या जागी दुसरा डबा मिळतो, पण झालेले लग्न पुन्हा लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो डबा घेऊन वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या वायरमनकाकांकडे गेलो. वर्कशॉपमध्ये तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले आहेत. त्यांनी चष्मा लावला, डबा उलटा केला आणि विचारले, "काहून भाऊ, हा कधी वाचला होता का?" आम्ही म्हटले, "वाचला ना, ४५० वॅट लिहिले आहे." ते हसले. म्हणाले, "तो झाला कागदावरचा पगार. हातात किती पडते ते खाली लिहिले आहे."

मग त्यांनी जे समजावले ते असे.

घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज असते. संगणकाच्या भागांना ती चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सरळ वाहणारी वीज लागते. हे रूपांतर करणारा लोखंडी डबा म्हणजे पॉवर सप्लाय. आपल्याकडे दुकानात त्यालाच एसएमपीएस म्हणतात. या तिन्ही विजा वेगवेगळ्या कामाच्या आहेत. पूर्वीच्या संगणकांत ५ व्होल्टचा वापर बराच असे. आता संगणकाचा मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोन्ही मोठे खाणारे १२ व्होल्टवर जगतात. ५ आणि ३.३ व्होल्टची वीज कितीही उरली तरी ती त्यांच्या उपयोगाची नाही. कॅन्टीनची कुपने खिशात भरपूर असली म्हणून घरमालकाला भाडे थोडेच देता येते?

आता डब्यावरच्या कागदाकडे पाहा. त्यावर एक तक्ता असतो. प्रत्येक व्होल्टच्या खाली अँपिअरचा आकडा दिलेला असतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढा एकच गुणाकार करायचा आहे. आमच्या डब्यावर १२ व्होल्टखाली १६ अँपिअर होते. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड या दोघांसाठी मिळून फक्त १९२ वॅट. ५ व्होल्टखाली २० अँपिअर, म्हणजे १०० वॅट. ३.३ व्होल्टखाली १६ अँपिअर, म्हणजे सुमारे ५३ वॅट. तिन्हींची बेरीज ३४५. उरलेल्या किरकोळ रांगा धरूनही साडेचारशे काही होईनात. मोठ्या अक्षरांतला आकडा त्याच कागदावरच्या बारीक अक्षरांनी खोटा ठरवला होता, पण आम्ही फक्त मोठी अक्षरे वाचली होती.

आता आमच्या संगणकाची भूक किती होती ते पाहा. त्यातला प्रोसेसर, म्हणजे आय-फाइव्ह ४५७०, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ८४ वॅटचा. कार्ड १२५ वॅटचे. दोघांचे मिळून २०९ वॅट. पदरात १९२ आणि खर्च २०९. पंखे आणि हार्ड डिस्कची मोटर यांनाही १२ व्होल्टच लागतात, ते वेगळेच. एरवी टायपिंग करताना, गाणी ऐकताना ही भूक फार कमी असते, म्हणून दुकानात सगळे सुरळीत दिसले. पण फिल्म तयार होताना प्रोसेसर आणि कार्ड दोघेही एकाच वेळी पूर्ण जोर लावतात. संगणक दोनदा बंद पडला तेव्हा तो आपल्याला सांगतच होता. आम्ही दोष उन्हाला दिला.

हे सगळे ऐकून घरी आल्यावर मुलीने वहीत लिहून काढले आणि नवा डबा घेताना त्याप्रमाणेच घेतला. आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून ते क्रमाने देतो.

पहिली गोष्ट, भुकेची बेरीज. प्रोसेसर आणि कार्ड यांचे वॅट कंपनीच्या माहितीत दिलेले असतात. ते लिहा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे मिळून ५० ते ६० वॅट धरा. आमच्या संगणकात ही बेरीज सुमारे २६० ते २७० झाली. नव्या प्रोसेसरच्या बाबतीत एक काळजी घ्या. उदाहरणार्थ आय-फाइव्ह १२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असते, पण पूर्ण जोर लावताना तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि कंपनीनेच तसे सांगितले आहे. बेरजेत मोठा आकडा घ्यावा.

दुसरी गोष्ट, शिल्लक. महिन्याचा खर्च पगाराइतकाच असेल तर एका आजारपणात घर बुडते. तसेच इथे आहे. ग्राफिक कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढते. डबा जुना होतो तसा त्याचा दमही कमी होतो. उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर गेली की त्याला आणखी जड जाते. चांगल्या डब्याचा आकडा ४० किंवा ५० अंशांच्या उष्णतेत तपासून दिलेला असतो, साध्या डब्याचा तसा नसतो. म्हणून बेरजेच्या दीडपट तरी डबा असावा. २७० ची दीडपट ४०५, म्हणजे बाजारात मिळणारा ४५० वॅटचा चांगला डबा आम्हाला पुरेसा होता. कार्डाच्या कंपनीनेही ४५० वॅटच सांगितले होते. म्हणजे दुकानदाराचा आकडा चुकीचा नव्हता, डब्यावरचा आकडा चुकीचा होता.

तिसरी गोष्ट, १२ व्होल्टची रांग. दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी डबा उलटा करून तक्ता वाचा. आमच्या नव्या ४५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टखाली ३६ अँपिअर आहेत. बारा गुणिले छत्तीस म्हणजे ४३२ वॅट. लिहिलेल्या आकड्यापैकी जवळजवळ सगळी वीज कामाच्या रांगेत मिळते. तक्ताच नसेल, किंवा दुकानदार वाचू देत नसेल, तर तो डबा तिथेच ठेवून यावे. बीआयएसचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांकही पाहावा. कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेल्या डब्याविषयी विशेष सावध राहा. आमचा तसाच आला होता.

चौथी गोष्ट, प्लग. मदरबोर्डवरच्या ज्या फटीत कार्ड बसते ती फट जास्तीत जास्त ७५ वॅट देते. सहा पिनांचा प्लग आणखी ७५ देतो आणि आठ पिनांचा १५०. कार्डाला जो प्लग लागतो तो डब्यातूनच आलेला असावा. डब्याला आठपिनी प्लग नसणे ही बहुतेक वेळा बनवणाऱ्याचीच कबुली असते, की हा डबा अशा कार्डासाठी नाही. जोडवायर लावून प्लग तयार होतो, त्यामागे वीज तयार होत नाही. उलट सैल जोडावर वायर तापते आणि प्लग वितळतो.

पाचवी गोष्ट, ८० प्लस. हे शिक्के २००४ पासून सुरू झाले. ठरावीक भारावर तपासताना डब्याने सॉकेटमधून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के संगणकापर्यंत पोहोचवली, तर हा शिक्का मिळतो. ब्राँझ, गोल्ड वगैरे त्याच्या वरच्या पायऱ्या आहेत. शिक्क्याने डब्याचे वॅट वाढत नाहीत, वाया जाणारी वीज कमी होते. संगणकाला २०० वॅट हवे असतील तर ७० टक्क्यांचा डबा मीटरमधून सुमारे २८५ वॅट ओढतो आणि ८५ टक्क्यांचा सुमारे २३५. फरक ५० वॅटचा. रोज सहा तास असे काम केले तर महिन्याला नऊ युनिट होतात. ती नऊ युनिटे उष्णता होऊन खोलीत पसरतात आणि त्यांचे बिलही आपणच भरतो.

याचा अर्थ मोठ्यात मोठा डबा घ्यावा असा मुळीच नाही. मुलाला फक्त अभ्यास, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म एवढेच करायचे असेल आणि वेगळे कार्ड नसेल, तर संगणकाची भूक शंभर-दीडशे वॅटच्या आत राहते. अशा घरात साडेसातशे-साडेआठशे वॅटचा डबा विकत घेणे म्हणजे चार माणसांच्या भातासाठी लग्नाचे पातेले आणणे. त्यापेक्षा ते पैसे एसएसडीत घाला.

ज्यांनी ऑफिसातून निघालेला मोठ्या कंपनीचा संगणक घेतला आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. त्यांतले डबे बहुधा २४० ते ३०० वॅटचे असतात. पुष्कळदा त्यांचा आकार आणि मदरबोर्डचा प्लग त्या कंपनीचा खास असतो, म्हणून बाजारातला साधा डबा त्यात बसत नाही. असा संगणक असेल तर डब्याला कार्डाप्रमाणे बदलण्याऐवजी कार्डच डब्याप्रमाणे निवडावे. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेले ७५ वॅटची असून त्यांना वेगळा प्लग लागत नाही. २०२४ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी कार्डाला ७० वॅट पुरतात. मात्र बॉक्सवर प्लग आहे की नाही ते डोळ्यांनी पाहूनच घ्या, आणि लहान कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी-उंची बसते का तेही मोजा.

आता घरातल्या विजेविषयी, कारण डबा कितीही चांगला असला तरी तो भिंतीवरच्या सॉकेटवरच चालतो. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार आम्ही कितीतरी घरांत ऐकली आहे. याचा अर्थ बहुधा अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. तीनपिनी प्लगची मोठी पीन तोडून तो दोनपिनी बोर्डात खुपसणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ती पीन जीव वाचवण्यासाठी असते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आमच्या घरी कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होते. आता संगणकाला वेगळा सॉकेट केला आहे.

यूपीएस असेल तर त्याचाही आकडा वाचा. ६०० व्हीएच्या पुष्कळ यूपीएसवर बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेले असते. कार्ड टाकल्यावर आमचा संगणक आणि मॉनिटर मिळून पूर्ण भारावर साडेतीनशेच्या जवळ जातात. लाइट गेल्यावर तेवढ्या भारावर तो यूपीएस मान टाकेल, म्हणून मुलगी लाइट जाताच आधी काम सेव्ह करून एडिटिंग थांबवते.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. काही जुन्या डब्यांच्या मागे ११५ आणि २३० लिहिलेले लाल बटण असते. ते आपल्या देशात २३० वरच असले पाहिजे. मुलांनी खेळता खेळता ते ११५ वर केले आणि संगणक सुरू केला, तर डबा त्याच क्षणी जातो. आणि बिघडलेला डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंतची वीज काही वेळ साठून राहू शकते.

त्या लग्नाचे काय झाले, हे आपण विचारालच. मुलगी आणि आम्ही नवरीच्या घरी गेलो. तिचे वडील सायकल-रिक्षा चालवत होते, आता वॉचमन आहेत. शूटिंगचे पैसे त्यांनी दोन हप्त्यांत दिले होते. मुलीने स्वतःच सगळे सांगितले आणि पैसे समोर ठेवले. नवरीची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, माझी सासू त्या व्हिडिओत होती. लग्नानंतर आठव्या दिवशी ती गेली." आम्हाला मान वर करवेना.

त्यानंतर मुलीने वऱ्हाडातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमधले तुकडे गोळा केले. कुणाकडे अर्धा मिनिट, कुणाकडे दोन मिनिटे. ओळखीच्या संगणकावर बसून तिने त्यांची बावीस मिनिटांची फिल्म केली. एका तुकड्यात म्हातारी नातीच्या गालावरून हात फिरवताना दिसते. तो अकरा सेकंदांचा आहे. तेवढ्यावर त्या घराने आम्हाला माफ केले. आता आमच्या घरी प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेतल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत.

नवा डबा आम्हाला तीन हजारांच्या आत मिळाला, तोही पाच वर्षांच्या वॉरंटीचा. कार्ड नशिबाने शाबूत राहिले. हे तीन हजार आम्ही आधी खर्च केले असते तर डिस्क वाचली असती आणि एका आईसमोर मान खाली घालावी लागली नसती. आपल्या घरात पैसे नेहमीच कमी असतात आणि म्हणून आपण जे दिसते त्यावर खर्च करतो. डबा दिसत नाही, म्हणून उरलेल्या पैशांत त्याची बोळवण करतो. वाचकहो, हा क्रम उलटा करा. आधी भुकेची बेरीज करा, मग डबा ठरवा, आणि उरलेल्या पैशांत जे कार्ड बसेल ते घ्या. कार्ड एक पायरी लहान आले तर काम थोडे सावकाश होईल, एवढेच.

ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी या रविवारी एक काम करावे. प्लग काढून कॅबिनेटचे झाकण उघडावे, डब्यावरचा तक्ता शोधावा आणि १२ व्होल्टखालचा आकडा मुलांकडून बाराने गुणून घ्यावा. हिशेब जमला नाही तर तक्त्याचा फोटो घेऊन वस्तीतल्या जाणत्या वायरमनला दाखवा. आमच्या वस्तीत तर आता लोक कार्ड घेण्याआधी आमच्या मुलीकडे येतात, आणि तीही आधी डबा उलटा करायला सांगते.

पुढच्या खेपेला घरातले अर्थिंग तपासून घेताना वायरमनला काय काय विचारावे, ते पाहू.